ईशान्येचा कोपरा

अर्धांगाचा झटका आल्यापासून आईला जिना चढवेना, म्हणून तिच्यासाठी खाली खोली हवी होती. जागा एकच उरली होती, घराचा ईशान्य कोपरा. तिथे भिंत आत घेतलेली, पांढरे खडे पसरलेले आणि लाल फळांचं एक झुडूप. क्योतोत तो कोपरा सहसा कोणी बांधत नाही. त्या दिशेने, डोंगराकडून, भुतं येतात म्हणे. सम्राटाच्या राजवाड्याची भिंतसुद्धा तिथे आत वळलेली आहे. पण मी घरांचे नकाशे काढून पोट भरतो. भुतांना भिऊन माझं कसं चालणार? खडे उचलले आणि खोली बांधली.

शेजारच्या मिनेकावा काकू दारापुढे पाणी शिंपडत होत्या.

"खोली छान झाली हो. घर कसं भरल्यासारखं वाटतं. दिवसभर गप्पा चाललेल्या असतात."

आमच्या गावात शेजारीण असं कौतुक करते तेव्हा आवाज कमी करा असं सांगत असते. मी ओशाळलो. तांदळाच्या मोची मिठाईचा डबा देऊन माफी मागितली, टीव्ही काढून टाकला.

आठवड्याने काकू म्हणाल्या, "आज तर फारच गर्दी. बिचारे उभे राहून दमले असतील."

आमच्याकडे पाहुणे येत नाहीत. आणि त्या झटक्यापासून वर्षभरात आई एक शब्द बोलली नव्हती.

मी आत गेलो. आई नव्या भिंतीकडे तोंड करून बसली होती.

"हिसाशी, त्यांना वाट दे रे. रांग पार डोंगरापर्यंत गेलीय."

तिच्या तोंडून माझं नाव ऐकून मला रडूच आलं. भीती नंतर वाटली.

मी आमच्या भागाचा नकाशा पसरला आणि घरांचे मोकळे कोपरे लाल शाईने जोडले. रेघ डोंगरापासून सरळ राजवाड्याकडे उतरत होती. इतकी वर्षं मी समजत होतो की हे कोपरे कुणाला तरी अडवण्यासाठी आहेत. पण ही तर त्यांना जायला सोडलेली वाट होती. ती कुणी आखली? रेघ तुटत होती ती फक्त माझ्या घरापाशी.

भिंत तेव्हाच पाडायला हवी होती. पण आई त्या खोलीतच बोलायची. बाबांबद्दल, लहानपणच्या बर्फाबद्दल. तो आवाज मला सोडवेना. आज पाडू, उद्या पाडू, असं करत राहिलो.

एका सकाळी ती म्हणाली, "थांबून कंटाळले सगळे. मी दाखवते म्हटलं त्यांना वाट."

मी घण आणला. आईला बैठकीच्या खोलीत झोपवलं आणि भिंत फोडली.

पलीकडे काहीच नव्हतं. ऊन होतं.

धूळ झटकत बाहेर आलो. काकू झाडू धरून उभ्या होत्या.

"गेले हो सगळे," त्या म्हणाल्या. "तुमची आई सगळ्यांच्या पुढे. किती ताठ चालत होती."

"काकू, आई आत झोपलीय."

काकू आत गेल्या आणि त्यांनी दार लावून घेतलं.

मी धावत आत गेलो. आई अंथरुणात होती. डोळे उघडे.

"आई?"

तिने मान किंचित लववली, परक्या घरी लववतात तशी.

"बसा ना," ती म्हणाली. "छान आहे हो तुमचं घर. बरीच जागा आहे."