डाव्या पोटरीला मी हात लावला नाही

पोरींनो, पहिली नजरानजर वगैरे तुमच्यासाठी. मी आन्सेल्मोला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्याला मानच वळवता येत नव्हती.

आमच्या कोआतेपेक गावच्या बेकरीसमोर रांग होती आणि वरून आमचा तो चिवट पाऊस, पडतो कमी, मुरतो जास्त. पुढचा माणूस मागे बघायला कपाटासारखा अख्खा फिरला.

"किती दिवस झाले?" मी विचारलं.

"कशाला?"

"मान अडकून."

"अकरा. तुम्हाला कसं कळलं?"

"कपाटं पाव घ्यायला येत नाहीत."

तो हसला, आणि हसता हसता कळवळला. संत्र्यांचा ट्रक घेऊन पार उत्तरेच्या सरहद्दीपर्यंत जायचा. बायको जाऊन सहा वर्षं झालेली. मी दोन्या कुका, म्हणजे कुकाबाई, गावची मालीशवाली. शाळा दोनच इयत्ता पाहिली, पण आजीच्या हाताखाली वीस वर्षं काढली. ती शाळा कोणाच्या बापाला पास करता आली नसती.

मग त्याचे मालीशचे गुरुवार सुरू झाले. "ताप आहे? जेवून किती वेळ झाला? कुठे जखम?" हे विचारल्याशिवाय मी तेलाची बाटली उघडत नाही. पहिल्या महिन्यांतली गरोदर पोर आली तर तिला कॉफी पाजते आणि परत पाठवते. मालीश झाल्यावर गार पाण्यात हात घालायचा नाही, उघड्या अंगाने वाऱ्यात जायचं नाही.

"सगळ्यांना एवढं रागावता?" पालथा पडून तो विचारायचा.

"नाही. मूर्खांनाच."

तिसऱ्या गुरुवारी मान वळली. सहाव्या गुरुवारी म्हणाला, रात्रभर झोप लागली, ट्रकसारखा घोरलो. म्हणजे बरा झाला. तरी यायचाच.

"आज काय दुखतंय?"

"थांबा… शोधतोय."

मी त्याचा खांदा दाबायची आणि तो गप्प पडून राहायचा. तो गेला की घरात माझ्याच चपलांचा आवाज उरायचा. खोल्या चार, माणूस एक. मुलगा इलारियो उत्तरेत, त्याचा रविवारी फोन. सहा दिवस त्या फोनच्या वाटेवर, सातव्या दिवशी दहा मिनिटं.

एका गुरुवारी सदऱ्याची बटणं लावता लावता तो म्हणाला, "कुका, माझ्याशी लग्न करशील? की मी आपला दुखणी शोधत फिरू?"

आणि मी काय बोलावं? म्हणाले, "पाठ झाका आधी. वारा लागेल."

तो गेला. मी तेलकट हात पुशीत बसले… कितीतरी वेळ. नवरा गेल्यापासून या घरात शब्द माझा चालतो. साठीच्या बाईने हो म्हणायचं तर तोंड कुठलं आणायचं?

पुढच्या गुरुवारी आला तो लंगडत, दोन दिवस ट्रक हाकून थेट. "आजचं दुखणं खरं आहे हां," म्हणाला, आणि विजारीचा डावा पाय वर सरकवला. पोटरी सुजून चकचकीत झालेली. हाताची मागची बाजू टेकवली तर चांगलीच गरम. उजवी जशीच्या तशी.

"मुरगळला? मार लागला?"

"काही नाही. बसून बसून धरलाय. चोळ जरा."

आजीने एक गोष्ट मला मार देऊन शिकवली होती. एकच पाय सुजला, गरम लागला, आणि मार लागलेला नाही, तर हात मागे घ्यायचा. आत रक्ताची गाठ असू शकते. चोळलीस तर सुटते, आणि थेट छातीत जाते. असा एक धडधाकट माणूस तिने आपल्या डोळ्यांसमोर जाताना पाहिला होता.

"मी हात लावणार नाही. हालापा शहरातल्या इस्पितळात जा. आत्ता."

त्याने विजार खाली केली. "कुका, नको म्हणायचं तर सरळ नको म्हण. पायाचं निमित्त कशाला?"

"निमित्त नाही, पाय—"

"राहू दे. फावस्तिनो चोळून देईल."

फावस्तिनो बाजारामागचा हाडं बसवणारा. पैसे दिले तर भिंतही चोळून देईल. आन्सेल्मोने टोपी घातली आणि निघाला.

मी आयुष्यात कोणाच्या मागे गेले नाही. दाराची चौकट धरून उभी राहिले. तो कोपऱ्यावर वळला. आणि मग मी घरातल्या चपलांनिशी त्या चिवट पावसात धावत सुटले. बायका बघत होत्या. बघू देत.

आन्सेल्मो बाकावर पाय पसरून बसला होता. फावस्तिनो आपल्या तळहातांवर दारू ओतून चोळायच्या तयारीत.

"बोट लावलंस तर बोट मोडीन," मी म्हणाले.

"अहो दोन्या कुका, गिऱ्हाईक पळवायला आलात?"

"गिऱ्हाईकं सगळी तुला घे. हा माणूस माझा आहे."

शेजारच्या मिरचीवालीचा तराजू हवेतच राहिला. आन्सेल्मो हळूच म्हणाला, "काय म्हणालीस?"

"म्हणाले ते म्हणाले. ऊठ. हळू. पायावर भार देऊ नकोस, टॅक्सी बोलावते."

वाटेत तो एकदाच बोलला, "म्हणजे पाय खरंच वाईट आहे?"

"तो वाईट आहेच. तू त्याहून."

गाठच निघाली. डॉक्टरीणबाईंनी पहिला प्रश्न तोच केला, "कोणी चोळलं तर नाही ना?" मी नाही म्हणाले, आणि तेव्हा कुठे मला पायातल्या घरच्या, भिजलेल्या चपला दिसल्या. रक्त पातळ करायचं औषध, आणि डॉक्टर सांगेपर्यंत पायाला मालीश नाही. मी त्याच्या खाटेशेजारी बसले. हातांना काही काम नव्हतं. कुठे ठेवावेत ते कळेना. शेवटी त्याच्या मनगटावर ठेवले, न दाबता… नुसते.

भेटीची वेळ संपल्यावर मला बाहेर काढलं. घरी एकटीच परतले, दुसऱ्या दिवशीही, तिसऱ्याही. रविवारी इलारियोचा फोन आला. एका दमात सगळं सांगून टाकलं, पाय, इस्पितळ, आणि लग्न करतेय तेही.

"आई," तो म्हणाला, "एकटी आहेस म्हणून करतेयस का हे?"

"तर काय, घरात गर्दी झाली म्हणून करीन?"

तो हसला. मग म्हणाला, "बरं… पाय कसा आहे त्यांचा?"