पुसू नका, मॅडम!

फळा भरला की मॅडम दोन पावलं बाजूला सरकायच्या. न सरकून सांगतात कुणाला? डस्टरला हात लागला रे लागला की साठ तोंडांतून एकच ओरडा व्हायचा, "पुसू नका, मॅडम, पुसू नका!" मग साठ फोन वर, दोन-तीन सेकंद नुसती टकटक, आणि फोन खाली. वहीत एक ओळ उतरवून घेईल असा मायेचा पूत त्या वर्गात नव्हता. फोटो वर्गाच्या ग्रुपवर जायचे, आणि तिथे गेले म्हणजे अभ्यास झाला, असा सगळ्यांचाच समज होता.

मॅडम गणिताच्या. एकोणीस वर्षं शिकवत होत्या आणि एवढ्या वर्षांत वर्गात कागदाचा कपटाही घेऊन गेल्या नव्हत्या. पोरांनी नाव पाडलं होतं, 'बिनवही'. मॅडमना ते ठाऊक होतं आणि खरं सांगायचं तर मनातून आवडतही होतं.

खिडकीजवळच्या चौथ्या बाकावर त्यांची स्वतःची लेक बसायची. घरी बिट्टी. गणितात मागच्या वर्षी उडाली होती. यंदाही उडाली तर कॉलेजातून नावच कमी होणार होतं. घरात माणसं दोनच, आई आणि ती. गणिताच्या मॅडमची मुलगी गणितात नापास! स्टाफरूममध्ये तोंडावर कुणी बोलत नव्हतं, इतकंच.

एका रविवारी, दुपारची जेवणं उरकल्यावर, मॅडमनी तिला स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसवलं.

"शुक्रवारचं उदाहरण काढ."

"फोटो आहे ना, आई."

"परीक्षेला फोटो बसणार आहे का? दे इकडे पेन."

मॅडमनी पहिली ओळ लिहिली आणि त्या थांबल्या. दुसरी आठवेना. जिभेवर आहे, आत्ता येईल, असंही वाटेना. तिथे काही नव्हतंच. शुक्रवारी फळ्यावर केलेलं, त्याआधी शंभरदा केलेलं! पुस्तक उघडून पाहिलं तर एखाद्या नवशिक्या पोरीसारखं बोट ठेवून वाचावं लागलं, तरी उमजेना.

"काय हे, बिनवही मॅडम!" बिट्टी खिदळली. मॅडमही हसल्या.

वय म्हणावं तर पन्नाशी अजून लांब होती. शिवाय बाकी सगळं जागच्या जागी होतं. टेलिफोन नंबर आठवत होते, शाळेतल्या बाईंचं आडनाव आठवत होतं. गेलं होतं ते फक्त गेल्या महिनाभरात फळ्यावर लिहिलेलं. पुराव्याशिवाय बोलायचं नाही, हा मॅडमचा स्वभाव. बुधवारी त्यांनी मुद्दाम एक केलं. फळा भरल्यावर पुरत्या सरकल्याच नाहीत. वरच्या तीन ओळी डाव्या कोपऱ्यात होत्या, त्या पाठीनं झाकून उभ्या राहिल्या.

"मॅडम, जरा सरका ना!"

"दिसतंय तेवढं घ्या."

साठ फोन वर गेले. डोक्यावरचा पंखा कुरकुरत होता. बाकी एवढ्या मोठ्या वर्गात कुणाचा खोकलासुद्धा नाही.

संध्याकाळी घरी येऊन त्यांनी चपला काढायच्या आत कागद ओढला. तीन ओळी झरझर उतरल्या. चौथी आली नाही.

गुरुवारी आणखी एक झालं. पहिल्या बाकावर दोघी मैत्रिणी बसायच्या. एकीला शिंक आली तर दुसरी रुमाल काढायची, असं त्यांचं गूळपीठ. त्या दिवशी एक पुढे आणि एक पार शेवटच्या बाकावर.

"भांडलात काय गं?" मॅडमनी मागच्या मुलीला विचारलं.

"कुणाशी, मॅडम?"

"अगं, तुझ्या मैत्रिणीशी."

मुलीनं मान उंच करून पुढे पाहिलं. अगदी नीट, लक्ष देऊन पाहिलं.

"मी नाही ओळखत तिला."

मॅडमना वाटलं, वर्ग आता हसेल. कुणी हसलं नाही. कुणाचं लक्षच नव्हतं.

त्या संध्याकाळी त्यांनी बिट्टीचा फोन मागून घेतला. ग्रुपवर फळेच फळे. अक्षर मॅडमचंच, आणि त्यांना एक ओळ लागेल तर शपथ. मध्येच बुधवारचा एक फोटो होता. त्या दोघी, गालाला गाल लावून. खाली चाळीस बदाम.

"हा ग्रुप कुणी काढला गं?"

"कुणी म्हणजे? आम्ही आलो तेव्हा होताच."

"आणि तुला यातलं काय येतं?"

बिट्टीनं खांदे उडवले. "आहे ना सगळं त्यात."

शुक्रवारी मॅडमनी वर्गाच्या दाराशी खोकं ठेवलं. फोन खोक्यात, वह्या बाहेर! पोरांनी तोंडं वाकडी केली. अर्ध्यांकडे पेन नव्हतं, उरलेल्यांचे हात दुखले. पण त्या रात्री मॅडमना फळा अथपासून इतिपर्यंत आठवत होता. आणि मंगळवारी मागून एका मुलानं हात वर केला. "मॅडम, इथे वजा कुठून आलं?" किती दिवसांनी कुणीतरी काही विचारत होतं! मॅडमना इतका आनंद झाला की त्यांनी ते उत्तर तीनदा समजावलं.

बिट्टीचा फोन घरी कपाटात गेला. पहिले दोन दिवस आदळआपट, "घर आहे की तुरुंग?" वगैरे. तिसऱ्या दिवशी पोरगी मुकाट्यानं टेबलाशी आली. मग मायलेकी रोज शेजारी बसू लागल्या. जे गेलं होतं ते मॅडमही पहिल्यापासून शिकत होत्या. कधी आई अडायची, कधी लेक. "सोप्पं आहे गं, आई," असं बिट्टी म्हणाली की मॅडम मनातल्या मनात दृष्ट काढायच्या.

तिसऱ्या रविवारी बिट्टीनं सगळ्यात अवघड उदाहरण एकटीनं सोडवलं. शेवटच्या ओळीखाली दोन रेघा मारल्या आणि वही आईसमोर सरकवली. एक खाडाखोड नाही. आता ही पास होते! मॅडमचे डोळे भरून आले. त्या उठल्या, कपाट उघडलं आणि स्वतःच्या हातानं तो फोन तिला दिला.

"पण फळ्याचा फोटो काढायचा नाही. वचन दे."

"दिलं."

"वहीचाही नाही."

"नाही गं बाई, नाही!"

बिट्टीनं आईच्या गळ्यात हात टाकला. दुसरा हात वर गेला.

"बिट्टे, थांब—"

टक.

"घाबरलीस काय एवढी? फळ्याचा कुठे काढला? आपला काढला."

"ग्रुपवर टाकू नकोस. ऐक माझं."

"टाकलासुद्धा."

मॅडमनी तिचं मनगट गच्च धरलं. "माझ्याकडे बघ. आई म्हण."

"अगं, दुखतंय!"

"म्हण आधी."

"आई," मुलगी हसत म्हणाली. "आई. आई..."

मग तिचं हसू हळूहळू ओसरलं.

टेबलावर फोन टिंग टिंग वाजत होता.

मॅडमच्या हातात कुणाचं तरी मनगट होतं. त्यांनी ते संकोचून सोडलं.

"लागलं का गं बाळ?"

"नाही, काकू."

मुलगी भांड्यांच्या फळीकडे, दाराकडे बघत होती. समोर उघडी वही होती.

"शिकवणीला आली होतीस ना?" मॅडमनी विचारलं.

"असेन. वही आहे इथे."

"मग नीघ आता. घरी आई वाट बघत असेल."

"हो, काकू."

दाराशी चपलांचे दोन जोड होते. मुलीनं एकात पाय घालून पाहिला, बसला. मॅडमनी दाराला कडी घातली आणि त्या खिडकीशी आल्या. मुलगी खाली फाटकाजवळ वही छातीशी धरून उभी होती. एकदा डावीकडे बघत होती, एकदा उजवीकडे.

काम मात्र नेटकं होतं हो पोरीचं, मॅडमच्या मनात आलं. घरी कुणीतरी रोज शेजारी बसून करून घेतलेलं दिसत होतं.

ऊन फार होतं. त्यांनी पडदा ओढून घेतला.