जुन्याला काय झालं?

गाण्यांचा नवा सेट घ्यायला आलेल्या गिऱ्हाइकाला विक्रेत्याने काय विचारावं? बसा म्हणावं, कोणता दाखवू म्हणावं. या पठ्ठ्याने विचारलं, "जुन्याला काय झालं?"

आणि विचारलं तेही इतक्या काळजीने, की तिला क्षणभर वाटलं आपल्या घरचंच कुणीतरी अंथरुणाला खिळलंय. ती व्यायामाची शिक्षिका. कोपऱ्यावरच्या हॉलमध्ये सकाळी साठीच्या बायकांचा वर्ग घ्यायची. तिथला रिसीव्हर, म्हणजे दोन मोठ्या स्पीकरांना आवाज पुरवणारा तो जाडजूड डबा, नुकताच गाण्याच्या मधोमध गप्प झाला होता. सगळ्या बायकांचे हात वर होते. गाणं थांबलं, पण हात खाली घ्या असं कुणी म्हणालं नाही, म्हणून त्या तशाच उभ्या. तेवढ्यात पार्सल द्यायला दारात आलेल्या कुरिअरवाल्याने घाबरून आपलेही हात वर केले.

"खरखरला आणि आवाज गेला," ती म्हणाली. "फार जुना झालाय. मला नवा दाखवा."

"एकदम गेला, की बटण फिरवताना खरखरून गेला?"

"फिरवताना. पण मला नवा..."

"मग बटणात धूळ बसली असेल." त्याचा चेहरा उजळला. "साफ केलं की झालं. नवा कशाला घेताय?"

मागे काचेच्या केबिनमध्ये बसलेल्या मालकांनी कपाळाला हात लावला. मालक त्याचे सख्खे मामा, त्यामुळे अख्खी गल्ली त्याला भाचा म्हणायची. दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला भाचा आधी जुन्याची तब्येत विचारायचा आणि मग बिचारं गिऱ्हाईक आनंदाने हात हलवत घरी जायचं.

दुपारी भाचा पिशवी घेऊन हॉलमध्ये हजर झाला. त्याने डब्याचं झाकण उघडलं आणि तिच्या हातात टॉर्च दिला.

"जरा आत धरा."

"धरलाय की."

"आत म्हणजे डब्यात... माझ्या तोंडावर नाही."

तिने टॉर्च वळवला. थोड्या वेळाने उजेड आपसूक पुन्हा मूळ जागी आला.

"डब्यातलं मला काय कळतंय?" ती म्हणाली.

"आणि तोंडावर काय दिसतंय?" त्याने मान वर न करता विचारलं.

"धूळ."

त्याने घाईघाईने बाहीने नाक पुसलं. नाकावर धूळ नव्हतीच, ती बाहीवर होती. आता मात्र खरोखरच नाक काळं झालं आणि ती इतकी हसली, की टॉर्च छताकडे गेला. भाचाही हसला. त्याचं हसू जरा वाकडं होतं, एका बाजूने आधी सुरू व्हायचं आणि दुसरी बाजू मागाहून यायची. तिला ते फार आवडलं.

सेट सुरू झाला. नंतर आठवडाभरातच त्याची डावी बाजू गेली. डाव्या रांगेतल्या बायकांनी आम्हाला ऐकूच येत नाही म्हणून बसकण मारली. भाचा आला, तार जोडून गेला. मग सेट गुणगुणायला लागला, पुन्हा भाचा आला. डोळे मिटून, डब्याला कान लावून तो बसायचा, तेव्हा तीसुद्धा श्वास रोखून बसायची. काम करताना तो गाणं म्हणायचा. आवाजातली एवढीशी खरखर पकडणारा हा माणूस स्वतः मात्र इतका बेसूर होता, की पहिल्यांदा तिला वाटलं सेटच पुन्हा बिघडला.

थोडक्यात सांगायचं, तर ती त्याच्या प्रेमात पडली होती. सेट नीट चालला की तिचा दिवस बिघडायचा.

वर्गातल्या बायकांच्या नजरेतून हे सुटणं शक्यच नव्हतं. त्यांच्या म्होरक्या म्हणजे गुडघेकाकू. कुठल्याही विषयावरून त्या आपल्या गुडघ्यावर यायच्या, म्हणून हे नाव. एका सकाळी मात्र त्या गुडघा सोडून बोलल्या.

"बाई, आता नवाच सेट घ्या. वर्गणी आम्ही काढतो."

"नको हो काकू. जुन्या सेटच्या आवाजात कशी... ऊब असते."

"ऊब सेटात असते, की दुरुस्त करणाऱ्यात?"

सगळा वर्ग खिदळला. तिने तोंड फिरवून "चला, एक पाय वर" असं फर्मावलं. एका पायावर उभं राहिलं की बायकांची बोलती बंद व्हायची.

आणि मग एक दिवस सेटमधून जळका वास आला. भाच्याने झाकण काढलं आणि जळक्या भागावरून बोट फिरवलं. गाणं मात्र म्हणाला नाही.

"ट्रान्सफॉर्मर जळलाय. असा हल्ली मिळत नाही." मग तिच्याकडे बघून घाईने म्हणाला, "पण जुन्या बाजारात शोधतो मी. मिळेल... थोडा वेळ लागेल."

"लागू दे की. तोवर मी टाळ्या वाजवून वर्ग घेईन."

टाळ्या वाजवून वाजवून तिचे तळहात लाल झाले. भाचा काही येईना. शेवटी न राहवून ती दुकानात गेली, तर काउंटरवर मामा.

"भाचा? तो गेलाय तुमच्या डब्याचं औषध शोधायला." मामा वैतागलेले होते, पण माणूस वाईट नव्हता. "बाई, खरं सांगू का? या महिन्यात त्याने एक तरी सेट विकला नाही, तर एक तारखेपासून मी त्याला दुसऱ्या गावच्या शाखेत धाडणार आहे. तिथे फक्त पंखे आहेत. त्याला सांगून झालंय. तुम्हाला बोलला नाही?"

तो बोलला नव्हता. ती दुकानाच्या पायरीवर आली आणि तिथेच उभी राहिली. जुना सेट दुरुस्त करत बसलं, तर भाचा जाणार. नवा घेतला, तर भाचा राहणार, पण मग हॉलची पायरी चढायला त्याला काही कारणच उरणार नाही. नव्या सेटला ना धूळ, ना खरखर. तिला रडू यायला लागलं आणि एका डब्यापायी आपण रस्त्यात रडतोय, याची लाजही वाटली.

तेवढ्यात समोरून भाचा आला. शर्ट मळलेला, केस विस्कटलेले, छातीशी वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी धरलेलं.

"मिळाला," तो धापा टाकत म्हणाला.

तिने डोळे पुसले आणि सरळ दुकानात शिरली. भाचा मागोमाग.

"मला नवा सेट हवाय," ती म्हणाली. "देता का?"

"देत नाही."

मामांनी नुकताच तोंडाला लावलेला चहा सांडला.

"का देत नाही?"

"चांगले नाहीत."

"कोणते?"

"एकही नाही." त्याने ट्रान्सफॉर्मर काउंटरवर ठेवला आणि खाली बघत राहिला. "म्हणजे... चांगले आहेत. फारच चांगले आहेत, तीच तर पंचाईत आहे. पाच वर्षांची गॅरंटी असते. पाच वर्षं काही म्हणता काही होत नाही त्यांना."

"मग बरंच आहे की."

"तुमचं बरं आहे हो. मी काय करू पाच वर्षं?"

भाच्याचे कान लालबुंद झाले होते. तिला फार आनंद झाला.

"मामांनी मला एक तारखेचं सांगितलंय," ती म्हणाली.

"म्हणून घेताय होय? कीव करून?"

"कीव कसली डोंबलाची. तुम्ही पंख्यांच्या गावाला गेलात, तर तुम्हाला रोज भेटायला यायचं कसं मी? इथले व्यायाम कोण घेणार?"

भाच्याला हे कळायला जरा वेळ लागला. आधी एका बाजूने हसू आलं, मग दुसऱ्या. त्याने फळीवरचा सगळ्यात चांगला सेट उतरवला, खोक्यात घातला आणि आयुष्यातली पहिली विक्री केली. मामा केबिनमध्ये जाऊन तोंड लपवून बसले होते. बहुधा चहा पुसत असावेत.

"आणि हा ट्रान्सफॉर्मर?" ती म्हणाली. "एवढा हिंडून आणलात."

"त्या जुन्यात बसवून देतो. तुमच्या घरी वाजेल."

खोकं त्याने तिला उचलू दिलं नाही. हॉलपर्यंत दोघं चालत गेली, तीही शक्य तितकी सावकाश. दाराशी तो घुटमळला.

"घरचा एकदा बसवून दिला की तोही चालेल... मग हॉलवर मी येऊ कशाला? काहीतरी काम हवं ना."

तिने दार उघडून धरलं.

"बिनकामाचे या," ती म्हणाली. "रोज या."