गदिरची दाढ

आपल्या बालीतल्या, बंगली गावाकडच्या कतुत लांत्राची ही गोष्ट. लोकांच्या दातांना कानस मारायचा धंदा त्याचा. आमचाच शेजारी, उंबऱ्याला उंबरा लागून. हसायचं तर आत्ताच हसून घ्या, पोरांनो.

एका काजेंग-क्लिवोनची, भुतंखेतं सुटायची रात्र. साडेअकरा वाजलेले. कतुत कानस घेऊन निघाला. दात कानशीने घासून सपाट केल्यावाचून आपल्यात कुणाला जाळत नाहीत, आणि वायन गदिर तसाच मेला होता. चौतिशीचा. सकाळी चिता.

गदिरच्या काळजातली झडप जराशी लोंबायची. डॉक्टर म्हणालेले, "अशी झडप घेऊन माणसं नातवंडं खेळवतात. फक्त ती किडकी दाढ औषधाशिवाय कुणाला छेडू देऊ नका. घाण रक्तातून झडपेवर जाऊन बसेल. ताप आला की धावत या."

आणि कतुतने महिन्यापूर्वी त्याच दाढेचं गळू अंगठ्याने पिळलं होतं! पू मनगटापर्यंत ओघळला, तो त्याने लुंगीला पुसला. वर गदिरला म्हणाला, "बायकोला सांगू नकोस. उगाच दवाखान्यात ओढत नेईल." गदिरला ताप चढला तेव्हा म्हणाला, "अंगात वारा शिरलाय. पाठ नाण्याने खरवडून घे." तीन आठवडे खरवडली. मग झडपच फाटली.

दारात गदिरची बायको, सुक्री, दिवा घेऊन उभी.

"या काका. जेवलात?"

"मढ्याच्या घरी कसलं जेवण गं! दिवा धर नीट."

त्याने जबडा उघडला. भपकारा आला. सडलेल्या मासळीचा, गोडसर. कानस फिरली. खर्र... खर्र... दाढेतून पिवळं पाझरायला लागलं. पुसलं. पुन्हा आलं. कतुत श्वास रोखून घासत राहिला.

"काका, डॉक्टर विचारत होते. ती दाढ कुणी पिळली होती का?"

कानस थांबली.

"काका?"

"मला काय ठाऊक!"

दिवा हलला नाही. वारा नाही. कुत्रीसुद्धा गप्प...

"माझ्याकडे बघून सांगा, काका."

"नाही म्हटलं ना! कुणी हात..."

थू!

खालून आली, थेट कतुतच्या गालावर. सुक्रीने शेल्याने टिपलं. तिचा हात तिथेच थांबला.

दोन दिवसांचं मढं. थुंकी कोमट होती.

कतुत तसाच पळाला. राख समुद्रात गेली, त्यालाही तीन महिने झाले. सुक्री तो शेला रोज उन्हात टाकते. मी स्वतः बोट लावून पाहिलंय... श्शी!

डाग अजून ओला आहे.