दामाजींच्या पेशी

विश्वास ठेवा किंवा ठेवू नका. पण ज्या बाईबरोबर हे घडलं ती माझी सख्खी मावसबहीण, शेवंती. थापा मारणं तिला आयुष्यात जमलेलं नाही.

साल १९९९. दिवाळीनंतरचा रविवार. भर दुपार.

ठाण्यात वर्तकनगरच्या मागे एका खासगी प्रयोगशाळेत ती एकटीच होती. मोठ्या माणसांच्या हाडांतल्या मगजातून मूळ पेशी काढायच्या, वाढवायच्या आणि त्यांच्यापासून मेंदूत, नसांत असतात तशा चेतापेशी बनवायच्या, हे तिचं काम.

काही केल्या जमत नव्हतं.

पेशींना जरा कुठे धागा फुटायचा, की दुसऱ्या दिवशी सगळ्या मरून तरंगायच्या. पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. प्रयोगशाळेच्या प्रमुखांनी, प्रभाकर सरांनी, शुक्रवारीच सांगितलेलं, "महिनाअखेरीला बंद करू या, शेवंती. पुरे झालं."

तिला रडूही येत नव्हतं. नुसता वैताग.

तपासायच्या उरल्या होत्या फक्त कोपर गावच्या दामाजी कोळ्यांच्या पेशी. अर्धांगवायूने त्यांचा उजवा हात गेलेला. पुढे पडून खुबा मोडला, तेव्हा ऑपरेशनमध्ये त्यांनी आपणहून थोडा मगज दिला. "याने तुमचा हात बरा होणार नाही, काका," असं तिने स्पष्ट सांगितलेलं.

ते हसले. "नको होऊ दे. पन काय झालं तं कलव, पोरी."

तिने त्यांची डबी सूक्ष्मदर्शकाखाली धरून पेशी बघितल्या. चपट्या. मख्ख. इतरांसारख्याच.

तिने डबी उबेच्या कपाटात परत ठेवली. वळली...

टक... टक... टक.

लाकडावर बोटं आपटावीत तसा आवाज. कपाट तर स्टीलचं.

आवाज आतून येत होता.

तिने दार उघडलं.

एकदम शांत.

डबी पुन्हा सूक्ष्मदर्शकाखाली धरली... प्रत्येक पेशीला लांब धागे फुटलेले. एकमेकींना जाऊन भिडलेले. इतकी वर्षं जे हवं होतं, अगदी तेच.

दुसऱ्या दिवशी सकाळीच ती दामाजींना सांगायला कोपरला गेली.

दारात माणसं जमलेली.

"काल दुपारी गेले," त्यांची बायको जनीबाई म्हणाली. "जाताना उजवा हात उठला त्यांचा. इतक्या वर्सांनी, बाय. खाटंवर बोटं आपटीत व्हते. मंग एकदम थांबले."

शेवंतीला कपाटाचं दार आठवलं.

जनीबाईने तिचं मनगट धरलं. हळूच विचारलं, "तुमच्याकरं त्यांचं काय जितं हाय का अजून?"

शेवंतीने मनगट सोडवून घेतलं.

ती प्रयोगशाळेत परतली, तर धागे गायब. पेशी पुन्हा चपट्या. सर म्हणाले, "दमलीयस तू. भास झाला असेल." तिने महिनाअखेरपर्यंत जीव तोडून सगळे उपाय केले. एकही धागा फुटला नाही.

पण त्या मरतही नव्हत्या...

वाढतच होत्या.

शेवटच्या दिवशी पेशी मारून टाकायला सगळ्या डब्यांत ब्लीच ओतायचं होतं. बाकीच्यांत तिने ओतलं. दामाजींची डबी हातात घेऊन ती कितीतरी वेळ उभी राहिली. एवढंच ती सांगते. पुढचं नाही.

हल्ली ती डोंबिवलीत असते. मागे मी विचारलंच, "ताई, ओतलंस का गं?"



"जनीबाईंना काय सांगायचं, ते आधी ठरू दे," म्हणाली.

जनीबाईंना जाऊन बरीच वर्षं झालीत.