सहावं नाव

इझोबेल ग्लासगोहून स्कॉटलंडच्या उत्तर टोकाला, केथनेसला आली ती आईच्या एका वाक्यासाठी. आई एक्याण्णव वर्षांची, वृद्धाश्रमात खिडकीशी बसून असायची. आपण दत्तक गेलेलो आहोत हे तिला पार म्हातारपणी, एका जुन्या कागदावरून कळलं. त्यावर एवढंच होतं : ‘क्रिस्टिना ब्रेम्नर, हॅल्बिस्टर गाव.’ तेव्हापासून ती एकच गोष्ट म्हणायची, "माझी माणसं कोण होती, एवढं मला सांग गं. मग मी जायला मोकळी."

म्हणून मे महिन्यात इझोबेल तिथल्या विक शहरातल्या दफ्तरखान्यात चार दिवस जुनी बाडं उलटत बसली. इझोबेल चाळीस वर्षं शाळेत शिकवून निवृत्त झालेली. चिकाटी तिच्या अंगातच होती. चौथ्या दिवशी चर्चच्या नोंदवहीत तिला हवं ते सापडलं. १९३१च्या मे महिन्यात हॅल्बिस्टरच्या बार्बरा ब्रेम्नर या विधवेच्या घरात घटसर्प शिरला. आठ दिवसांत पाच मुलं गेली. विली, मार्गेट, जॉर्जिना, डॉनल्ड, अॅनी. खाली वेगळ्या शाईत एक ओळ होती : ‘वाचलेलं मूल क्रिस्टिना, वय अकरा महिने, नर्सबरोबर ग्लासगोला पाठवलं.’

इझोबेलने ती ओळ तीनदा वाचली. मग वही मिटली आणि बराच वेळ तिच्यावर हात ठेवून बसली.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती हॅल्बिस्टरला पोचली. गाव कसलं, कड्यालगत विखुरलेली सात-आठ घरं, चर्च आणि वारा. दफनभूमीच्या भिंतीवर एक दांडगा म्हातारा फावडं टेकून बसला होता. त्याचं नाव ह्यू स्वॉन्सन. मेंढ्या पाळायचा, आणि कुणी गेलं की खड्डाही तोच खणायचा. त्याच्या आधी त्याचा बाप खणायचा.

"पूर्वज शोधताय वाटतं?" त्याने तिच्या पायांकडे पाहत विचारलं. "बुटांवरून ओळखलं. पूर्वजवाले सगळे असले शहरी बूट घालून येतात. गेल्या वर्षी एक कॅनडावाला येऊन भलत्याच थडग्यावर तासभर रडला. मी म्हटलं, रडू दे बापड्याला. त्या थडग्यालाही बरं वाटलं असेल."

इझोबेलला हसू आलं. पण तिने ब्रेम्नर हे नाव काढलं, तसा ह्यू उठून उभा राहिला आणि त्याने टोपी काढली.

त्याने तिला तो दगड दाखवला. शेवाळ पुसल्यावर पाच नावं वाचता आली. "माझ्या बापाने खणले हे खड्डे," ह्यू म्हणाला. "एका आठवड्यात पाच. त्यानंतर महिनाभर तो कुणाशी बोलला नाही, असं माझी आई सांगायची."

"आणि त्यांची आई?"

"बार्बरा? तिचं चित्त फिरलं. रोज दुपारी दारात उभी राहून मुलांना जेवायला हाका मारायची. तीन वर्षं. मग एक दिवस हाका थांबल्या." तो जरा घुटमळला. "घर त्या चढापलीकडे आहे. नुसत्या भिंती उरल्यात. जाऊन या, पण धुकं चढलं तर थांबू नका बाई. माझ्या मेंढ्यासुद्धा तिथे थांबत नाहीत."

तीनच्या सुमाराला ती घरापाशी पोचली. छप्पर केव्हाच आत कोसळलेलं. दाराच्या जागी दोन दगडी खांब आणि मधे मोकळी फट. अंगणात कमरेइतकं गवत माजलं होतं. आईला दाखवायला तिने फोटो काढले, उंबऱ्याचा एक खडा उचलून खिशात टाकला. एवढ्यात तिच्या लक्षात आलं की समुद्राचा आवाज बंद झाला आहे.

मागे वळून पाहिलं तर समुद्रच नव्हता. कड्यावरून धुकं वर येत होतं, सावकाश, ओल्या लोकरीसारखं. बघता बघता त्याने चढ गिळला, रस्ता गिळला. तिला स्वतःचा पसरलेला हात दिसेना. ती जागच्या जागी उभी राहिली. आणि मग वास आला. जळत्या पीटचा, दलदलीतून कापून वाळवलेल्या मातीचा धूर, आणि त्याखाली काहीतरी कडवट, औषधी... आजाऱ्याची खोली धुतल्यावर येतो तसा.

"विली..."

बाईचा आवाज होता. दमलेला, रोजचाच. वाढून झालंय, या आता, असा.

"आलो." धुक्यातून कुठूनतरी पोराने ओ दिली. गवत सळसळलं. इझोबेलच्या कोटाला घासून कुणीतरी बुटकं पुढे गेलं.

"मार्गेट..."

"आले."

एकेक नाव. एकेक ओ. एकेक पोर गवतातून तिच्या बाजूने जात होतं. अॅनीचे पाय तर अगदी इवले होते, दर दोन पावलांनी अडखळत होते. मग शांतता पसरली.

"कर्स्टी..."

तिकडे क्रिस्टिना नावाच्या मुलीला घरात लाडाने याच नावाने हाक मारतात. इझोबेलच्या आईला ग्लासगोत कुणी कधी अशी हाक मारली नव्हती.

कुणी ओ दिली नाही.

"कर्स्टी... अगं कर्स्टी..."

तिसऱ्या हाकेला तो आवाज चिरकला. भीती होतीच, पण इझोबेलला त्याहून काहीतरी मोठं दाटून आलं. नव्वद वर्षं ही बाई इथे उभी राहून हे नाव घेत असेल, आणि नव्वद वर्षं समोरून काहीच येत नसेल. तिला ते सहन होईना. आपण काय करतोय हे कळायच्या आत तिच्या तोंडून गेलं,

"आले, आई."

धुकं जणू श्वास रोखून थांबलं. मग तो आवाज अगदी हळू, समाधानाने म्हणाला, "आली... आली सगळी. दार लावा."

लाकडावरून लोखंडी कडी सरकली. आवाज तिच्या पाठीमागून आला.

ती गर्रकन वळली. हात पुढे केले तर तळव्यांना ओल्या फळ्या लागल्या. दार. तिने ते ढकललं, मुठींनी बडवलं, खांदा लावला. मागे चुलीची ऊब जाणवत होती. कुणीतरी वाडग्यात चमचा फिरवत होतं. तिने मागे पाहिलं नाही.

ह्यू तिला शोधत आला तेव्हा धुकं विरलं होतं. दोन खांबांच्या मधोमध ती उभी होती आणि रिकाम्या हवेवर मुठी आपटत होती. तिच्या तळव्यांत लाकडाची कुसळं रुतली होती.

त्याने तिला घरी नेलं, कडक चहा दिला, चिमट्याने कुसळं काढली.

"ओ दिलीत?" त्याने शेवटी विचारलं.

तिने होकारार्थी मान डोलावली. ह्यूने चिमटा खाली ठेवला.

ग्लासगोला परतल्यावर इझोबेलने आईला मुलांची नावं सांगितली. धुक्यातलं मात्र सांगितलं नाही. आईने पाचही नावं हळूहळू उच्चारली, पुन्हा उच्चारली, लहान मूल पाढा पाठ करतं तशी. "पाच भावंडं होती मला," ती म्हणाली. "मी एकटी नव्हते तर." त्या उन्हाळ्यात ती कधी नव्हे इतकी शांत होती. सप्टेंबरात एका पहाटे झोपेतच गेली. मला त्यांच्याशेजारी ठेव, एवढीच तिची इच्छा होती.

हॅल्बिस्टरला अंत्यविधीला फार माणसं नव्हती. दुपार स्वच्छ होती. पेटी उतरवण्यासाठी आठ दोऱ्या लावल्या होत्या. डोक्याकडची दोरी सगळ्यांत जवळच्या माणसाची, म्हणून ती इझोबेलच्या हाती यायची होती. पाद्री पुस्तक चाळत उभा होता. इतक्यात ह्यूने तिला खुणेने भिंतीपाशी बोलावलं. सकाळपासून त्याने तिच्या नजरेला नजर दिली नव्हती.

"पाचांच्या शेजारची जागा रिकामी, म्हणून काल तिथेच खणायला घेतलं," तो कुजबुजला. "माझ्या बापाने मला पाचच सांगितले होते बाई. देवाशपथ, पाचच."

त्याने खिशातून रुमालात गुंडाळलेलं काहीतरी काढून तिच्या तळव्यावर ठेवलं. शवपेटीवर ठोकतात तसली छोटी पितळी पाटी. हिरवी पडलेली, पण अक्षरं ह्यूने घासून काढली होती. क्रिस्टिना ब्रेम्नर. वय अकरा महिने. मे १९३१.

"खाली हाडं आहेत," ह्यू म्हणाला. "एवढीशी. मी परत झाकली, आणि हा खड्डा हातभर बाजूला घेतला. कुणाला बोललो नाही."

धुक्यातलं ते ‘आली सगळी’ इझोबेलच्या कानात घुमलं. तिने पेटीकडे पाहिलं. दोरी धरून उभी असलेली माणसं तिचीच वाट पाहत होती.

"ती नर्स इथून काय घेऊन गेली बाई?" ह्यूने विचारलं. "आणि आज आपण... पुरतोय कोणाला?"