शीतजोड

चंद्रावरच्या तळावर त्या दिवशी खंडेनवमी होती आणि शिवानंद जंगम बाहेर अडकला होता.

बाहेर म्हणजे काही घराच्या ओट्यावर नव्हे. तिथे हवेचा कण नाही. त्याच्या पोशाखात बावीस मिनिटांचा प्राणवायू उरला होता आणि तळाचं मुख्य दार उघडत नव्हतं. आत डॉ. नलिनी वझलवार, धातुशास्त्रातलं मोठं नाव, रेडिओला कान लावून बसल्या होत्या. तळावर माणसं ही एवढी दोनच.

"बाई, कडी हलंना ओ! आतनं काय लावलंय का?"

"आतून कोण लावेल? जोर लाव."

"मघापासनं जोरच लावतोय की! थांबा, पहार घालून बघतो."

थोडा वेळ नुसता श्वास ऐकू आला. मग शिवानंदचा आवाज चिरका झाला. "बाई, पहारबी चिकटली. कडीलाच! हे काय भूतबित हाय काय?"

नलिनीबाईंनी रेडिओ तोंडाशी ओढला. "शिवा, सकाळपासून तू काय काय घासलंस?"

"हत्यारं, कड्या, बिजागऱ्या. तुम्हीच म्हणलासा, घास बाबा, सण आहे."

म्हणाल्या होत्या खऱ्या. इचलकरंजीच्या वर्कशॉपात वाढलेला गडी तो. खंडेनवमीला लोखंड लखलखीत केल्याशिवाय त्याच्या घशाखाली घास उतरत नसे. तारेचा ब्रश घेऊन सकाळपासून तीन तास बाहेर राबत होता. आणि एवढी शिकलेली बाई, तिला तेव्हा साधी गोष्ट सुचू नये!

"नीट ऐक. हवेतल्या प्राणवायूमुळे धातूवर पातळ साय धरते. पृथ्वीवर ती घासून काढली, तरी लगेच पुन्हा धरते. तिच्यामुळेच दोन तुकडे एकमेकांना टेकले तरी वेगळे राहतात. इथे हवा नाही. तू काढलीस, ती परत आलीच नाही."

"मग?"

"मग उघडा धातू उघड्या धातूला टेकला. आपण कडीचे की चौकटीचे, हे अणूला कुठे कळतं? शेजारी आपल्यासारखा अणू आला की तो त्याला धरतो. उष्णता लागत नाही, वितळावं लागत नाही. शीतजोड म्हणतात याला. आता तिथे दोन तुकडे नाहीत, शिवा. एकच लोखंड आहे."

"म्हंजे मी मेलो."

"गप रे!" त्या ओरडल्या. "मागचं दार घासलंस?"

"न्हाई. तिथवर पोचलोच न्हाई."

"मग पळ! हातातलं सगळं टाकून पळ."

मागचं दार तळाच्या पार दुसऱ्या टोकाला होतं. नलिनीबाई आतून धावल्या, कळ दाबली आणि काचेतून बघत राहिल्या. रेडिओवरचा श्वास तुटक होत गेला. मग थांबलाच. त्यांनी देवाचं नाव घेतलं, जे त्या कधी घेत नसत. तेवढ्यात तो पांढरा पोशाख धडपडत आत कोसळला. दार मिटलं, हवा भरली.

शिरस्त्राण काढताच शिवानंद त्यांच्या गळ्यात पडून रडला. त्याही रडल्या. "मेल्या, जीव घेतला असतास माझा," म्हणून त्यांनी त्याच्या पाठीत एक धपाटा घातला आणि दोन कप चहा टाकला.

"मंगळवारी घरी गेलो की पहिल्यांदा आईच्या पाया पडतो," चहा फुंकत तो म्हणाला.

नलिनीबाईंचा कप ओठांपाशीच थांबला. पृथ्वीवर परतायची गाडी, म्हणजे त्यांचं यान, बाहेर उभी होती, चारही पाय तळाच्या पोलादी पकडींत आवळलेले.

"शिवा, आपली गाडी..."

"ती तर सगळ्यात आदी! वाहनाची पूजा पहिली नको का? एकेक पकड सोडवली, पायासकट घासली, परत आवळली. चारीबी..."

बोलता बोलता तो कप घेऊनच उठला.

"कापू की, बाई. करवत हाय."

"बिनहवेत करवत जेवढं कापेल, तेवढा धातू उघडा पडेल. तो पातं तिथेच धरून ठेवेल."

त्याला रागवायला त्यांनी तोंड उघडलं, पण परवानगी त्यांचीच होती.

"दुसरी गाडी कवा?"

"पाच महिन्यांनी."

"आन् शिधा?"

"पंचवीस दिवसांचा."

शिवानंदनं हातातला कप हळूच खाली ठेवला. "मग अर्धा अर्धाच टाकायचा हुता, बाई," तो म्हणाला, आणि त्याला पुन्हा रडू फुटलं.